दीड वितीचं फुरसं

कोकणात जांभ्याचा चिरा उचलायचा तर आधी तो कोयत्याच्या टोकाने उलटतात. खाली फुरसं असायचं! लांबी जेमतेम दीड वीत, रंग मातकट, डोक्यावर बाणासारखी खूण. डिवचलं की इंग्रजी आठचं वेटोळं घालून अंगाला अंग घासतं. करवती खवल्यांची ती खरखर एकदा ऐकली की विसरत नाही.

नाग आणि मण्यार श्वास अडवतात, फुरसं रक्ताच्या मागे लागतं. त्याच्या विषातलं एक प्रथिन रक्त गोठवण्याची यंत्रणा नको तेव्हा चालू करतं. गोठायला लागणारं सामान त्यात संपून जातं आणि मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतूनही रक्त येत राहतं. तपासणी मात्र अगदी साधी. थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर प्रतिविष सुरू. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकला रक्त लवकर दाद देत नाही.

प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून निघतं आणि त्यासाठी खरं विष लागतं. ते काढण्याचं काम 1978 मध्ये स्थापन झालेली, तामिळनाडूतल्या इरुळ आदिवासींची सहकारी संस्था करते. पण तिकडच्या आणि गोव्याकडच्या फुरशाचं विष हुबेहूब सारखं नाही, ही खरी अडचण.

याच विषात एकिस्टॅटिन नावाचं आणखी एक प्रथिन आहे, अवघ्या 49 अमिनो आम्लांचं. प्लेटलेट्स जिथे एकमेकींना धरतात, नेमकी तीच जागा ते अडवतं. मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या टोकाची घडण उचलून टायरोफिबॅन हा गुठळी रोखणारा छोटा रेणू तयार केला. 1998 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ब्राझीलच्या जराराका सापावरून रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल त्याआधीच आलं होतं. ‘विषापासून औषध’ म्हटलं की बाटलीत विष भरल्यासारखं वाटतं. तसं काही नाही, टायरोफिबॅनमध्ये फुरशाच्या विषाचा थेंबही नसतो.

हृदयविकाराच्या रुग्णाला सलाईनमधून हे औषध चालू असताना नर्स मधूनमधून येते, सुईची जागा बघते, हिरड्या बघते, लघवीचा रंग विचारते. फुरसं चावलेल्याचंही हेच बघतात.