वर्गणीच्या पावतीपासून पक्षाध्यक्षपदापर्यंत

कामगार संघटनेचा पुढारी राजकीय पक्षाचा पुढारी कसा होतो, हे समजून घ्यायचं तर जॉर्ज फर्नांडिस यांच्याइतकं बोलकं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही. १९६७ साली दक्षिण मुंबईत त्यांनी काँग्रेसच्या स. का. पाटील यांना पाडलं. पाटील तीनदा मुंबईचे महापौर झालेले, केंद्रात मंत्री, शहराचे अनभिषिक्त राजे. जॉर्ज तेव्हा अवघ्या ३६ वर्षांचे. देश चकित झाला. मुंबईतल्या कामगाराला मात्र फारसं नवल वाटलं नसणार.

मंगळूरच्या या मुलाला घरच्यांनी पाद्री व्हायला सेमिनरीत घातलं होतं. ते सोडून १९४९ मध्ये तो मुंबईत आला. चौपाटीच्या बाकांवर रात्री काढल्या, वर्तमानपत्रात मुद्रितशोधनाचं काम केलं आणि गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो यांच्या हाताखाली तयार झाला. १९५८ मध्ये डिमेलो गेले. पुढे टॅक्सीवाले, महापालिकेचे कामगार यांच्या संघटना जॉर्जनी बांधल्या. १९६१ मध्ये ते नगरसेवक झाले.

ते स्वतः ना टॅक्सी चालवत होते, ना पालिकेच्या नोकरीत होते. मग या कामगारांचे नेते कसे झाले? १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात निम्म्यापर्यंत पदाधिकारी बाहेरचे चालत. मालक कामगाराला कामावरून काढू शकतो, बाहेरच्या माणसाला नाही. त्यामुळे साहेबापुढे बेधडक बोलायला कामगारांना असा माणूस हवा असे. राजकीय कार्यकर्ते संघटनांत आले ते या वाटेने.

संघटनेत माणूस काय शिकतो, ते मी जवळून पाहिलंय. मी बसवाहक होतो आणि डेपोत युनियनचं काम बघायचो. पगाराच्या दिवशी पावतीबुक घेऊन दाराशी उभं राहायचं. वर्गणी देताना माणूस विचारतो, ‘माझ्या चार्जशीटचं काय झालं?’ उत्तर तयार नसेल तर हात खिशातच राहतो. मग त्याची चार्जशीट वाचायची, खुलासा लिहून द्यायचा, चौकशीला त्याच्या शेजारी बसायचं. नोकरी वाचली की त्याचं अख्खं घर तुम्हाला ओळखतं. द्वारसभेत पाच मिनिटांत मुद्दा मांडायचा, कारण ड्युटी सुटलेल्या माणसाला घर गाठायचं असतं. कुठे ताणायचं आणि कुठे तडजोड करायची, हे वाटाघाटीच्या टेबलावर कळतं. मतदारसंघ बांधायचा तो याच कामातून.

१९७३ मध्ये जॉर्ज समाजवादी पक्षाचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचेही. ८ मे १९७४ ला रेल्वे संप सुरू झाला. आठ तासांचा दिवस आणि बोनस या त्यातल्या मुख्य मागण्या. हजारोंना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. संप हरला, पण जॉर्ज देशाचे नेते झाले. आणीबाणीत ते भूमिगत राहिले, पकडले गेले आणि १९७७ मध्ये तुरुंगातूनच बिहारच्या मुजफ्फरपूरमधून तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले.

तिथून त्यांचं मुंबईतल्या कामगारांमधलं बस्तान सुटत गेलं. महापालिका कामगारांची धुरा पुढे शरद राव यांनी वर्षानुवर्षे वाहिली. जॉर्ज उद्योगमंत्री, रेल्वेमंत्री, संरक्षणमंत्री झाले. कोकण रेल्वेसाठी त्यांनी जीव ओतला, त्याचं ऋण कोकण विसरणार नाही. १९९४ मध्ये त्यांनी नितीश कुमार यांच्यासह समता पक्ष काढला. पण त्या पक्षाचा पाया बिहारच्या जातींच्या गणितावर होता, वर्गणी देणाऱ्या सभासदांवर नव्हता. समता पक्ष पुढे जनता दल (युनायटेड) मध्ये विलीन झाला. २००९ मध्ये त्याच पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली. ते मुजफ्फरपूरमधूनच अपक्ष लढले आणि हरले.

माझं मत स्पष्ट आहे. जॉर्जना नेता केलं ते संघटनेने. पक्षाने त्यांना पदं दिली. ज्याची नोकरी तुम्ही वाचवली, तो तुम्हाला सहजासहजी सोडत नाही. पक्षाच्या यादीतून मात्र नाव एका बैठकीत कापलं जातं. राजकारणात उतरू पाहणाऱ्या तरुणांना म्हणूनच कळकळीने सांगतो : आज कंत्राटी सफाई कामगार, घरोघरी पार्सल पोचवणारी पोरं, अंगणवाडी सेविका यांना खुलासा लिहून देणारा, साहेबापुढे त्यांच्यासाठी बोलणारा माणूस हवा आहे. आधी त्यांच्यात जा, निदान पाच वर्षं काम करा आणि मग पक्षाकडे तिकीट मागा.