आजोबांचा चेहरा कुठे गेला?

बातमी पेन्शनची असो की ऑनलाइन फसवणुकीची, सोबतचा फोटो ठरलेला. काठीवर टेकलेले सुरकुतलेले हात. चेहरा गायब! असे हात स्टॉक फोटोंच्या साइटवर पटकन मिळतात, कुणाची ओळखही उघड होत नाही. पण नुकतेच रिटायर झालेले सर आणि नव्वदीची पणजी एकाच फोटोत कसे बसणार? ब्रिटनमधल्या ‘सेंटर फॉर एजिंग बेटर’ या संस्थेने २०२१मध्ये ज्येष्ठांच्या फोटोंची मोफत लायब्ररीच सुरू केली. त्यात माणसं घरात, कामावर, व्यायाम करताना दिसतात. आपल्या जाहिरातींतले आजोबा मात्र मोबाइल हातात आला की हमखास गोंधळलेले, नाहीतर शेजारी शिकवणारा नातू. अरे, मग फॅमिली ग्रुपवर पहाटे पाचला फुलं कोण पाठवतं?