राजा गेला राणीच्या बागेत

मुंबई मुंबईकराबरोबर बघावी, पण एकट्या मुंबईकराच्या भरवशावर बघू नये. रोज सकाळी फास्ट लोकल पकडणाऱ्याची नजर इंडिकेटरवर. वर घुमट आहे की पत्रा, त्याला काय पत्ता! म्हणून मित्रमंडळींच्या जोडीला गाइड हवाच. आमच्या फोर्टच्या फेरीत गाइडबाई तारखा सांगत होत्या आणि बाकीची गँग त्यांना फोडणी देत होती.

सीएसएमटीच्या फाटकाचे दोन खांब आधी बघा. एकावर सिंह, म्हणजे इंग्लंड. दुसऱ्यावर वाघ, म्हणजे हिंदुस्थान. घुमटाच्या टोकावर हातात मशाल घेऊन उभी आहे ती ‘प्रगती’. “अगं बाई, ही इतकी वर्षं इथेच होती?” इति डोंबिवलीची मैत्रीण, जी रोज तिच्याच खालून ऑफिसला जाते. भिंतींवर मोर, घुबडं, माकडंही आहेत. बरंचसं कोरीवकाम जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. समोरचं महापालिकेचं मुख्यालयही या स्टेशनचा आराखडा काढणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्स साहेबाचंच. म्हणजे रस्ता ओलांडला तरी आर्किटेक्ट तोच.

चर्चगेटला गेट नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते गेट होतं कुठे? आज फ्लोरा फाउंटन आहे त्याच्या आसपास! किल्ल्याची तटबंदी १८६०च्या दशकात पाडली, तेव्हा तेही गेलं. ज्या चर्चमुळे हे नाव पडलं ते सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८चं. स्टेशनपासून चांगली पंधरा मिनिटांची पायपीट. जवळच टाउन हॉल. त्याच इमारतीतल्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की आत दांतेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं जुनं हस्तलिखित जपून ठेवलंय?

राजाबाई टॉवरचा नकाशा काढणारा गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही. पैसे दिले कापसाच्या तेजीत गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं आईचं. कापूसवाल्याच्या आईचं नाव विद्यापीठाच्या मनोऱ्याला! गिरगावच्या मित्राने लगेच आपल्या आईला फोन लावला. ती म्हणाली, “आधी वीजबिल भर.”

काळा घोडा ही तर फर्मास गोष्ट. घोड्यावर होता सातवा एडवर्ड. १९६५मध्ये पुतळा हलवला तो थेट भायखळ्याच्या राणीच्या बागेत. ही राणी कोण? व्हिक्टोरिया, म्हणजे एडवर्डची सख्खी आई! लेक शेवटी आईच्या बागेत जाऊन बसला. २०१७मध्ये काळा घोडा चौकात नवा घोडा आला; त्याच्या पाठीवर मात्र कुणीच नाही. परवडलं.

एडवर्डचा मुलगा पंचम जॉर्ज १९११मध्ये अपोलो बंदरावर उतरला. त्याच्या स्वागतासाठी म्हणून ओळखलं जाणारं गेटवे ऑफ इंडिया तेव्हा बांधलेलंच नव्हतं; राजाला दाखवला पुठ्ठ्याचा नमुना.

“म्हणजे गणपतीचं मखर!” गिरगावकर.

खरी कमान तयार झाली १९२४मध्ये. २८ फेब्रुवारी १९४८ला शेवटची ब्रिटिश पलटण त्याच कमानीखालून बोटीकडे गेली, असं गाइडबाई सांगत होत्या, तोवर गिरगावकराने पुढचं ठोकून दिलं : “यायला मखर, जायला दगडी कमान! पाठवणी झोकात केली म्हणायची.”