कात्रजच्या चितळांचे जिवंत हाड

कात्रज तलावाला लागून असलेले राजीव गांधी प्राणिसंग्रहालय पुणे महापालिकेने १९९९ मध्ये लोकांसाठी खुले केले. शहरातल्या पेशवे पार्क या जुन्या प्राणिसंग्रहालयातले प्राणी इथे आले. गर्दी वाघापाशी होते. पण हाड समजून घ्यायचे असेल, तर चितळांच्या कुंपणाशी थांबावे.

आपले हाड मांसाआड वाढते. चितळ नराचे हाड डोक्यावर, उघड्यावर वाढते. कारण त्याचे शिंग म्हणजे अस्सल हाडच. काळविटाच्या शिंगात हाडाचा फक्त गाभा असतो, वर केराटिनचे कवच. ते आयुष्यभर टिकते. चितळाचे शिंग मात्र गळते आणि पुन्हा उगवते.

वाढत्या शिंगावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. टोकाशी आधी कूर्चा तयार होते, मग तिची जागा हाड घेते. वाढत्या वयात आपली मांडीची हाडेही अशीच लांब होतात. हे बांधकाम ऑस्टिओब्लास्ट पेशींचे. त्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे रचतात आणि त्यांवर कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक बसतात. आपल्या हाडाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश वाटा या खनिजाचा. हाड आम्लात ठेवून खनिज काढून टाकले, तर ते हवे तसे वाकते. जाळून कोलॅजेन घालवले, तर हाताने त्याचा चुरा होतो. मजबुती दोघांच्या जोडीत आहे.

काही ऑस्टिओब्लास्ट आपणच रचलेल्या हाडात बंदिस्त होऊन ऑस्टिओसाइट बनतात. प्रौढ हाडातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी याच. सूक्ष्म नलिकांतून त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. कुठे भार वाढला, कुठे तडा गेला, हे त्यांना कळते. तिसरी पेशी ऑस्टिओक्लास्ट. अनेक केंद्रकांची ही मोठी पेशी आम्ल आणि विकरे सोडून जुने हाड विरघळवते.

शिंग पुरे वाढले की मखमल वाळून सुटते, रक्तपुरवठा थांबतो आणि हाड मरते. पुढे ऑस्टिओक्लास्ट त्याच्या मुळाशी हाड पोखरतात, तेव्हा शिंग गळून पडते.

शिंग वाढताना लागणारे एवढे खनिज चाऱ्यातून वेळेत मिळत नाही. हरणांच्या काही जातींत ते बरगड्यांतून उचलले जाते. त्या विरळ होतात आणि शिंग पुरे झाल्यावर पुन्हा भरतात. उतारवयात, विशेषतः पाळी थांबल्यावर, माणसाचे हाड असेच विरळ होते. पण ती झीज आपोआप भरून येत नाही. हरणाला दरवर्षी साधणारी ही भरपाई नेमकी कशी होते, हे कळणे आपल्या घरातल्या आजीच्या मोडलेल्या खुब्यासाठी मोलाचे आहे.