आधी सेल, मग मोटार
(दुरुस्तीची शाळा : लेखांक ५)

गेल्या आठवड्यात मल्टिमीटरची ओळख झाली. आज तो खेळण्यांवर चालवू. पनवेलचा पावसाळा सरला की माळ्यावरून काढलेली गाडी हलत नाही आणि घरात निकाल लागतो : 'मोटार गेली.' बहुतेक वेळा मोटार धडधाकट असते, तिच्यापर्यंत वीजच पोचत नाही. म्हणून तपासणी विजेच्या वाटेनेच करायची : सेल, स्प्रिंग, बटण, तारा, मोटार आणि शेवटी दातेरी चाकं.

सेलचं झाकण उघडा. स्प्रिंगवर पांढरी पूड दिसली, तर सेल गळलाय. अल्कलाइन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळालं की ही पूड तयार होते. खाडीकाठच्या दमट हवेत पत्र्याला गंजही लवकर चढतो. हातमोजे घालून कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्या आणि पूड पुसा. आम्लामुळे अल्कली निवळते. मग ओल्या बोळ्याने पुसून, कोरडं करून बारीक पॉलिश पेपर मारा. पत्रा चमकला पाहिजे.

आता सेल. नवा सेल मल्टिमीटरवर १.५ व्होल्टच्या आसपास दाखवतो. पण नुसता मोजलात तर मेलेला सेलही कधी १.३ दाखवून फसवतो. बटण चालू ठेवून मोजा. आकडा धाडकन खाली आला, की सेल बदलायचा.

तरीही गाडी ढिम्मच? मोटारच्या तारा सोडवून तिला थेट सेल जोडा. फिरली, तर दोष बटणात किंवा तारेत. दांडी बोटाने ढकलल्यावरच सुरू होत असेल, तर मोटारमधल्या तीनपैकी एखादं वेटोळं तुटलंय किंवा कम्युटेटर (वेटोळ्यांना वीज पोचवणारा फिरता भाग) मळलाय. मोटार घूं घूं करते पण चाक स्थिर? मग दांडीवरचं छोटं दातेरी चाक तडकलंय. चाकाच्या आसात गुंतलेले केस चिमट्याने ओढून काढले, तरी कित्येक गाड्या धावतात. तारा जोडताना उलटसुलट झाल्या तर गाडी मागे जाईल, एवढंच.

मोटार आतून कशी चालते हे मुलांना दाखवायचं, तर पुण्याच्या आयुका या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत विज्ञान-खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांनी दाखवलेली सेल, सेफ्टी पिना, चुंबक आणि तांब्याच्या तारेची मोटार घरी करून पाहा.

दोन बाबतींत मात्र घरगुती प्रयोग नको. फुगलेली लिथियम बॅटरी उघडू नका. बटणाएवढा सेल मुलाने गिळल्याची शंका जरी आली, तरी थेट दवाखाना गाठा. अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजतं. दुरुस्त न होणारं खेळणं ई-कचऱ्यातच द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत विजेवरची खेळणीही आहेत.

पुढच्या आठवड्यात तुटलेल्या तारेचं सोल्डरिंग. तोवर एक बंद खेळणं मुलांना सोबत घेऊन उघडा, आणि स्क्रू वाटीत ठेवायला विसरू नका.