जनावरं हलली की म्हातारी माणसं हलतात

शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांत, महापुराचं माप म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतं. भिंतीवर बोट ठेवून ती सांगतात, पाच साली पाणी इथवर आलं होतं. ही आठवण खरी, आणि 2019 मध्ये तीच घातक ठरली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 2005 साली 53 फुटांच्या वर चढलेली कृष्णा 2019 मध्ये 57 फुटांच्याही वर गेली. जुन्या खुणेवर विसंबून राहिलेल्या अनेकांना बाहेर पडायला रस्ताच उरला नाही. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला पुरातून माणसं नेणारी नाव उलटली, ती त्याच दिवसांत.

खरं तर वेळेत कुणाला हलवायचं, याची सगळी माहिती गावाकडे असते, फक्त ती विखुरलेली. कुणाच्या गोठ्यात किती जनावरं, हे दूध संस्थेला ठाऊक. कोण इन्सुलिनवर आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, हे आशाताईंना. कुणाची मुलं पुण्याला आणि कोण एकटं राहतं, हे बचत गटातल्या बायकांना. माणसं उचलून नेणारे हात तरुण मंडळाकडे. ही मंडळी मे महिन्यात ग्रामपंचायतीत एकत्र बसली, तर गल्लीवार यादी होते आणि प्रत्येक नावापुढे न्यायला येणाऱ्याचंही नाव लागतं.

यादीत जनावरं आधी हवीत. ‘जित्राबं सोडून कुठं जाऊ?’ या प्रश्नाला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. दर दहा दिवसांचं दुधाचं बिल हा कित्येक आजींचा स्वतःच्या हातातला एकमेव पैसा. उंचावर दावण आणि वैरण तयार आहे, हे डोळ्यांनी दिसलं की त्या निघतात. ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या पावसाळ्यात रिकाम्याच असतात. साखर कारखान्याकडून त्या आधीच बोलून ठेवता येतात.

वेळही ठरलेली हवी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. तरणा माणूस धोक्यापर्यंत थांबू शकेल, पण गुडघे धरलेल्या माणसाला हलत्या नावेत चढता येत नाही. त्याला इशाऱ्यालाच, दिवसाउजेडी हलवायला हवं.

निवाऱ्याच्या शाळेत शौचाला उकिडवं बसावं लागतं, म्हणून कित्येक बायका पाणीच कमी पितात. दोन कमोडच्या खुर्च्या, खाटा, पंधरा दिवसांच्या गोळ्या एवढं तरी तिथे आधी पोचावं. आणि पाणी उतरल्यावर घरातला गाळ कोण काढणार, पंचनाम्याला तलाठ्यांसमोर आजीसोबत कोण उभं राहणार, ही नावंही त्याच यादीत असावीत.