पाणी मोजता येते, अस्मिता मोजता येत नाही

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्या राज्याचा कणा मात्र भातशेती होती आणि तिचा आधार कावेरी. सतराव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांनी कावेरीचे पाणी अडवले, तेव्हा तंजावरचे शहाजीराजे आणि मदुराईची राणी मंगम्माळ यांनी आपसांतले वैर बाजूला ठेवून एकत्र येण्याची तयारी केली. लढाईपूर्वीच पावसाने बांध वाहून नेला, असे इतिहासकार नमूद करतात. या प्रसंगात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. खालच्या खोऱ्याच्या बाजूने उभे राहिलेले एक राजघराणे मराठी भाषक होते, तर दुसरे तेलुगू. तंटा पाण्याचा आणि महसुलाचा होता, भाषेचा नव्हता.

आज तोच तंटा कन्नड विरुद्ध तमिळ असा मांडला जातो. लवादाने १९९१ मध्ये २०५ टीएमसी पाणी सोडण्याचा अंतरिम आदेश दिला. त्या वर्षाच्या डिसेंबरात कर्नाटकात दंगली उसळल्या आणि अनेक तमिळ भाषकांना घरेदारे सोडावी लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बंगळुरूत बसगाड्यांची जाळपोळ झाली. जाळपोळ करणाऱ्यांपैकी किती जणांची शेती कावेरीच्या पाण्यावर होती, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

ताठर राजकीय मत अज्ञानातून येते, ही आपली सोयीची समजूत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७९ मध्ये झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात मृत्युदंडाच्या समर्थक आणि विरोधक विद्यार्थ्यांना तीच दोन संशोधने वाचायला दिली. त्यांतील एकाचा निष्कर्ष दंडाच्या बाजूचा होता, दुसऱ्याचा विरुद्ध. दोन्ही गटांनी आपल्याला मानवणारे संशोधन ग्राह्य धरले, न मानवणाऱ्यात दोष काढले आणि आपण पूर्वीपेक्षा अधिक ठाम झाल्याचे सांगितले. १९२४ च्या मद्रास–म्हैसूर कराराचे असेच झाले आहे. तंजावरच्या शेतकऱ्याला त्यात आपला कायदेशीर हक्क दिसतो. मंड्याच्या शेतकऱ्याला त्यात ब्रिटिशांनी एका संस्थानावर लादलेला अन्याय दिसतो. कागद तोच, वाचणारी मने दोन.

याचे कारण मताचे दुहेरी काम हे आहे. मत जगाविषयी काही सांगते, तसे ते आपण कोणाचे आहोत हेही सांगते. मंड्याच्या एखाद्या नेत्याने ‘थोडे पाणी सोडू या’ म्हटले, तर त्याच्या एकट्याच्या शब्दाने कालव्याची पातळी बदलणार नाही, पण गावातील त्याचे स्थान नक्की बदलेल. अशा वेळी हट्ट हा त्याच्यापुरता व्यवहारी हिशेबच असतो. प्रशासकीय सेवेत असताना भर बैठकीत मत बदललेला प्रतिनिधी मला क्वचितच भेटला. चहाच्या वेळी, टिपणे घेणारे कोणी नसताना, तेच गृहस्थ समजूतदार बोलत.

म्हणूनच २००३ चा एक प्रयत्न महत्त्वाचा वाटतो. तीव्र टंचाईच्या काळात चेन्नईच्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या पुढाकाराने दोन्ही राज्यांतील शेतकरी समोरासमोर बसले. ‘कावेरी कुटुंब’ या नावाने त्यांच्या बैठका झाल्या आणि त्यांनी एकमेकांची शिवारेही पाहिली. या संवादातून सर्वमान्य वाटप ठरले नाही, हे खरे. तरीही समोरचा माणूस ‘कर्नाटक’ किंवा ‘तमिळनाडू’ न राहता पीक गमावलेला शेतकरी झाला, ही मिळकत थोडी नव्हे.

दुसरा उपाय प्रश्नाच्या घडणीत आहे. ‘तुमचे मत असे का?’ असे विचारले की माणूस वकिली सुरू करतो. ‘तुमची योजना अमलात कशी येईल? पाऊस निम्मा झाला तर कोणत्या महिन्यात किती पाणी सोडाल?’ असे विचारले की त्याला आपल्या माहितीची मर्यादा कळते. काही प्रयोगांत अशा प्रश्नांनी मतांची धार कमी झालेली आढळली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी तमिळनाडूसाठी सोडावयाचे पाणी १९२ वरून १७७.२५ टीएमसीवर आणले. त्याच वर्षी कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले. चांगल्या पावसात हे आकडे पुरतात. तुटीच्या वर्षी झळ कोणी किती सोसायची, याचे दोघांना मान्य असे सूत्र मात्र अद्याप नाही. ते धरणे भरलेली असतानाच ठरवले पाहिजे, कारण कोरड्या जूनमध्ये कोणताही नेता माघार घेऊ शकत नाही. माघारीला तांत्रिक सूत्राचा आडोसा मिळाला, तर तिला शरणागतीचे रूप येत नाही.

महाराष्ट्राने हे दुरून पाहण्याचे कारण नाही. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ पासून असूनही जायकवाडीसाठी पाणी सोडायची वेळ आली की नाशिक–नगर आणि मराठवाडा एकमेकांसमोर उभे ठाकतात. तेथे तर दोन्हीकडची भाषा मराठीच आहे. अस्मितेला रेघ हवी असते, ती कोठेही ओढता येते. धोरणकर्त्याचे काम त्या रेघेवरून मागे येणाऱ्याला मानाने येता येईल अशी वाट आधीच बांधून ठेवणे, हे आहे.